वाडीतलं बावखल आणि सुट्टीतले दोन रविवार: वसईतल्या एका धर्मग्रामाचं प्रकरण

उन्हाळी सुट्टी लागली की आमच्या धर्मग्रामात (म्हणजे चर्चच्या पॅरिशमध्ये) दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. एक, अर्नाळ्याच्या बाजूला एखाद्या रिसॉर्टवर कुटुंबांची सहल. दुसरी, वृद्धाश्रमाला भेट आणि फळवाटप. सहलीला बस भरून माणसं यायची. वृद्धाश्रमात पॅरिश कौन्सिलची नेहमीची मंडळी आणि आयांनी ओढून आणलेली चार-दोन मुलं. ती मुलं भिंतीला टेकून उभी राहायची, सांगितलं की हातातलं सफरचंद पुढे करायची आणि घरी कधी जायचं म्हणून विचारत राहायची. मुलांचा त्यात काही दोष नव्हता. त्यांना तिथे करण्यासारखं कामच नव्हतं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका बैठकीत एका तरुण आईने सरळ विचारलं: आजोबांपासून पाच वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना एकत्र करता येईल, खरंच कुणाच्या तरी उपयोगी पडेल, आणि पुढच्या वर्षी मुलं स्वतःहून मागतील असं एखादं सेवेचं काम आपल्याकडे नाही का? त्या प्रश्नातून पुढे एका वाडीतलं जुनं तळं, म्हणजे बावखल, साफ करण्याचं जे काम उभं राहिलं ते इथे तपशिलात मांडते. मी नियोजनाच्या गटात होते. गावाचं आणि वाडीचं नाव देत नाही, कारण जागा खाजगी आहे आणि तिच्या भागीदारांना, म्हणजे सामाईक मालकांना, तसा शब्द दिलेला आहे.

काम कोणतं निवडायचं

पहिली सूचना आली ती किनारा सफाईची. भुईगाव, राजोडी, कळंब, सगळे किनारे हाकेच्या अंतरावर. काम चांगलं आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण भरती आली की नवं प्लास्टिक काठाला लागतं. दोन दिवसांनी मुलगा बापाबरोबर तिथे फिरायला गेला तर आपण केलं ते त्याला दिसत नाही. शिवाय मे महिन्यातल्या वाळूत वयस्कर माणसांनी उभं तरी कुठे राहायचं?

दुसरी सूचना झाडं लावण्याची. तीही मागे पडली. मे महिन्यात रोप लावायचं तर पाऊस पडेपर्यंत रोज पाणी कोण घालणार? कोकणपट्टीत पाऊस साधारण १० जूनच्या आसपास येतो, झाडांचं काम तेव्हाचं.

तिसरी सूचना महामार्गाच्या पलीकडे, पूर्वेकडच्या आदिवासी पाड्यावर जाऊन कपडे आणि वह्या वाटण्याची. हिला मी स्वतः विरोध केला. पाड्यावरच्या लोकांनी आपल्याला बोलावलेलं नसतं. एका सकाळी गाड्या भरून जायचं, रांग लावायची, फोटो काढायचे आणि जेवायला घरी परत यायचं. यातून आपली मुलं एवढंच शिकतात की देणारे आम्ही आणि घेणारे ते. सेवेतून हा धडा मुलांनी घ्यावा असं मला मुळीच वाटत नाही.

बावखलाचं नाव काढलं एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांच्या घरामागच्या वाडीतलं बावखल पूर्ण जलपर्णीने झाकलं होतं. शेजारच्या घरांतून डासांची तक्रार होती आणि भागीदारांपैकी काहीजण म्हणत होते की एकदाची माती टाकून बुजवून टाका.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, समुद्र आणि खाडी यांच्यामध्ये, वाड्यांना पाणी मिळावं म्हणून पूर्वजांनी छोटी तळी खणली. तीच बावखलं. पावसाचं पाणी त्यांत साठायचं, जमिनीत मुरायचं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड्या ठेवायचं. काठावर रहाट, रहाटाला बैल किंवा रेडा, आणि पाटाने पाणी केळीला, पानवेलीला, भाजीला. वसईची सुकेळी (वाळवलेली केळी) ज्या केळीची व्हायची ती याच पाण्यावर वाढायची. पुढे पंप आले, रहाट थांबले. मग विहिरींतून टँकर भरून पाणी विकलं जाऊ लागलं आणि कित्येक विहिरी मचूळ झाल्या. नळाला सूर्या धरणाचं पाणी आल्यावर तर बावखलाकडे बघायचं कारणच उरलं नाही. काही बुजवली गेली, काहींवर बंगले उभे राहिले, काहींत कचरा गेला.

जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, गाड्या बंद पडल्या, दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हा अनेकांना पहिल्यांदा आठवलं की पावसाचं पाणी पोटात घेणारी ही तळी आपणच मातीने भरत आलो. या पट्ट्यात हिरवाई आणि पाण्यासाठी लढण्याची परंपरा चर्चमधूनही आलेली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या आंदोलनात जे केलं ते इथल्या पन्नाशीच्या माणसाला सांगावं लागत नाही. मुलांना मात्र सांगावं लागतं, आणि नुसतं सांगून ते पोहोचत नाही.

बावखलाची निवड मला पटली ती मुख्यतः एका कारणाने. या कामातलं ज्ञान म्हाताऱ्या माणसांकडे होतं. तळ कुठे आहे, पायऱ्या कुठे गाडल्या गेल्यात, पाणी कुठल्या बाजूने येतं, हे पंचाहत्तरीच्या आजोबांना माहीत आणि इंजिनिअर नातवाला नाही. चर्चच्या बहुतेक कार्यक्रमांत वयस्कर मंडळींना पुढच्या रांगेत खुर्ची मिळते आणि तेवढ्यावरच त्यांचा भाग संपतो. इथे त्यांना विचारल्याशिवाय फावडं मारता येणार नव्हतं.

भागीदारांचा प्रश्न

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला लागला आणि लागायलाच हवा होता. बावखल एकाच्या मालकीचं क्वचितच असतं. सात-बाऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावं, त्यांची मुलं-मुली विखुरलेली. कुणी मुंबईत, कुणी आखातात, कुणी कॅनडात. वाडीत राहणाऱ्यांनी तोंडी होकार दिला म्हणून काम सुरू केलं असतं तर पुढे भाऊबंदकीत चर्च ओढलं गेलं असतं.

मुंबईत राहणाऱ्या एका भागीदाराने आधी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं तेव्हा त्यात तथ्य होतं. आज तुम्ही सेवा म्हणून साफ कराल, उद्या ते सार्वजनिक तळं आहे असं कुणीतरी म्हणेल, परवा महापालिका कठडा बांधेल, मग आमची जागा गेली. वसईत ज्यांच्या जमिनी आहेत त्यांना ही भीती का वाटते हे इथला माणूस समजू शकतो. आमच्या चर्चचे फादर स्वतः त्यांना भेटायला गेले. समजूत घालण्याऐवजी त्यांनी विचारलं की तुम्हाला कागदावर काय हवं?

त्यातून एका पानाचं पत्र तयार झालं. जागा भागीदारांचीच राहील. चर्चचा फलक, कोनशिला, नाव काहीही लागणार नाही. ठरलेल्या दिवसांखेरीज परवानगीशिवाय कुणी आत जाणार नाही. निघालेला गाळ वाडीतच वापरला जाईल, बाहेर विकला जाणार नाही. वाडीचं नाव कुठे छापलं जाणार नाही. खाली फादरांची आणि कौन्सिलच्या सचिवांची सही. परदेशातल्या भागीदारांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पत्र वाचून लेखी होकार पाठवला. मुंबईचे ते गृहस्थ सही करून वर म्हणाले की मी पण येतो, लहानपणी तिथेच पोहायला शिकलोय.

शेजाऱ्यांना विचारायचं राहिलं होतं. वाडीला लागून हिंदू सामवेदी समाजातल्या कुटुंबांची घरं आहेत. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात इथल्या काही घराण्यांचा धर्म बदलला, काहींचा नाही, पण वाड्या शेजारी-शेजारीच राहिल्या आणि बावखलाचं पाणी दोघांच्याही केळीला जात राहिलं. त्यामुळे हा फक्त चर्चच्या कुटुंबांचा कार्यक्रम करणं बरं दिसलं नसतं. त्यांच्याकडे आमंत्रण द्यायला कौन्सिलमधल्या दोन बायका गेल्या. त्या वेळी एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट ठरली: न्याहारी शाकाहारी असेल, म्हणजे सगळे एका पंगतीला बसू शकतील.

हातांनी किती होतं

उत्साहाच्या भरात कुणीतरी म्हणालं, दोन रविवारांत सगळा गाळ काढून टाकू. तेव्हा कागद-पेन घेऊन बसलो. बावखल साधारण २० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. त्यात अर्धा मीटर गाळ धरला तर १२० घनमीटर होतो. एका घमेल्यात १० लिटर धरले तर १२,००० घमेली. माणसांची साखळी लावून मिनिटाला पाच घमेली बाहेर आली, कुणीच थांबलं नाही, तरी ४० तास. मे महिन्याच्या उन्हात, आया, बाबा आणि कॉलेजची पोरं.

यंत्र आणायचं तर वाडीची वाट जेमतेम रिक्षा जाईल एवढी. पण वाट रुंद असती तरी मी यंत्राला नको म्हटलं असतं. किनारपट्टीत गोडं पाणी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल तर तिच्याखाली ढोबळमानाने ४० फूट गोडं पाणी टिकतं, आणि वरची पातळी उतरली की खारं पाणी त्याच प्रमाणात वर सरकतं. अशा जागी यंत्राने तळ फोडून खोल खणणं धोक्याचं. जुन्या माणसांनी जिथे थांबवलं होतं तिथेच थांबायचं, आणि ती जागा फावड्याला लागली की कळते. मऊ काळा गाळ संपून घट्ट पिवळट माती लागते.

मग व्याप्ती ठरली. जलपर्णी आणि कचरा पूर्ण काढायचा. गाळ फक्त एका कोपऱ्यातला, जिथे जुन्या पायऱ्या असल्याचं आजोबा सांगत होते. बाकीचा गाळ पुढच्या उन्हाळ्यांवर सोडायचा, दर वर्षी एक कोपरा. हे ऐकून काहीजण नाराज झाले. माझं मत आजही तेच आहे. कुटुंबांच्या कामात अर्धवट सोडलेलं मोठं काम माणसांना खचवतं. पूर्ण झालेला एक कोपरा त्यांना पुन्हा बोलावतो.

तारखाही इथेच ठरल्या. मे म्हणजे वसईत लग्नांचा हंगाम. उपवासकाळात लग्नं होत नाहीत, त्यामुळे ईस्टरनंतर एकामागून एक मांडव. शनिवार कुणालाच मोकळा नव्हता. पोप फ्रान्सिस यांचं सृष्टीच्या जतनाबद्दलचं विश्वपत्र २४ मे २०१५चं आहे आणि त्या तारखेच्या आसपासचा आठवडा जगभरचे कॅथलिक त्यासाठी पाळतात. त्याच्या दोन्ही बाजूंचे रविवार घेतले. पहाटेची मिस्सा (चर्चमधली उपासना), तिथून थेट वाडीत, नऊच्या आत काम बंद, मग न्याहारी. पाहुणे, सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं काहीही नाही. फादरांची एक प्रार्थना काठावर, तीही दोन मिनिटांची.

परिसर समूहांच्या (धर्मग्रामातल्या शेजारच्या कुटुंबांच्या छोट्या गटांच्या) ग्रुपवर गेलेला संदेश असा होता:

"रविवारी मिस्सेनंतर वाडीत भेटू. जुने कपडे, टोपी, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे आणा. गमबूट असतील तर घाला, चप्पल नको. हाता-पायाला जखम असेल त्यांनी पाण्यात-चिखलात उतरू नये, त्यांच्यासाठी काठावर काम आहे. लहान मुलांसोबत घरचं मोठं माणूस हवंच. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना नक्की आणा, त्यांच्याशिवाय काम सुरू होणार नाही. खाणं आमच्याकडून."

आजी-आजोबांबद्दलचं ते वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि त्याचा परिणामही झाला. एरवी "मी येऊन काय करणार?" म्हणणारी माणसं काठी टेकत आली.

कोणाला कोणतं काम

या प्रकरणातून दुसऱ्या एखाद्या धर्मग्रामाला काही उचलायचं असेल तर ते हा भाग आहे. मुलांसाठी वेगळे खेळ ठेवू का, असं आम्हाला पुष्कळांनी विचारलं. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, चित्रकला. आम्ही ठेवले नाहीत. बाजूला खेळ ठेवले की मुलांना कळतं की खरं काम मोठ्यांचं आहे आणि आपल्याला गुंतवून ठेवलं आहे. मजा कामातूनच यायला हवी होती, आणि त्यासाठी प्रत्येक वयाला असं काम हवं होतं की ते नसतं तर अडलं असतं.

जलपर्णी ओढण्याचं काम कॉलेजच्या आणि वरच्या वर्गांतल्या मुलांचं. पद्धत सोपी: जाड दोराला थोड्या-थोड्या अंतरावर बांबूचे तुकडे बांधून तो दोर पाण्यावर आडवा टाकायचा, दोन्ही काठांवर एकेक गट, आणि दोघांनी मिळून जलपर्णीचा अख्खा थर एका बाजूला ओढत आणायचा. काठाशी आला की लांब बांबूच्या आकड्यांनी आणि दाताळ्यांनी बाहेर. पाण्यात उतरणारे फक्त पट्टीचे पोहणारे मोठे, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात.

काढलेली जलपर्णी तशीच उचलायची नाही, हे वाडीतल्या एका काकांनी सांगितलं. तिच्यात बहुतेक सगळं पाणीच असतं, म्हणून एक-दोन दिवस काठावर निथळू द्यायची आणि मग वाहायची. वजन कितीतरी कमी होतं. याने आणखी एक कामही जन्माला आलं, आणि या दोन रविवारांतलं सगळ्यात सुंदर काम तेच ठरलं.

जलपर्णीच्या मुळांचे काळे झुपके असतात. त्यांत छोटे मासे, कोळंबीची पिल्लं, गोगलगायी, बेडकांची पिल्लं, चतुराच्या अळ्या अडकलेल्या असतात. जलपर्णी बाहेर पडली की ती सगळी काठावर मरणार. म्हणून सहा ते दहा वर्षांच्या मुलांचं सुटका पथक केलं. ताडपत्रीवर ओढून आणलेल्या ढिगापाशी बसायचं, हातात मोजे, बाजूला पांढरा टब, प्रत्येक झुपका टबातल्या पाण्यात हलवायचा आणि जे जिवंत सुटेल ते बादलीतून परत बावखलात. पाच मुलांमागे एक मोठं माणूस. पाच वर्षांखालच्यांचं काम सावलीत बसून पक्षी मोजण्याचं. खंड्या, पाणकोंबडी, बगळा अशी चित्रं छापलेला कागद आणि रंगीत खडू.

मधल्या वयाच्या आया-बाबांकडे गाळ. न्याहारीचं पथक पुरुषांचं, आणि हे मुद्दाम केलं. नाहीतर दर सेवाकार्यात बायका चुलीपाशी असतात आणि पुरुष फोटोत. स्वयंपाकात पोहे, इडल्या, आणि वाडीतल्याच ताडाचे ताडगोळे. पिण्यासाठी कोकम सरबत, आणि उन्हाने थकलेल्यांसाठी जलसंजीवनी घरीच करून ठेवलेली: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

एक जोडणी विशेष जपून केली. आमच्या धर्मग्रामात गेल्या काही वर्षांत स्टेशनच्या बाजूच्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबं वाढली आहेत. मंगळूरची, गोव्याची, केरळची. मिस्सेला येतात, मागच्या बाकांवर बसतात, निघून जातात. जुन्या गावकऱ्यांची ओळख आडनावाने, वाडीने, नात्याने. नव्या माणसाला त्यात शिरायला जागा नसते. त्यामुळे गट पाडताना नियम केला की प्रत्येक गटात एक वाडीतलं आणि एक इमारतीतलं कुटुंब. बोलायला विषय शोधावा लागत नाही, जेव्हा दोघांच्या हातात एकच घमेलं असतं.

पहिला रविवार

दोर टाकला तेव्हा जलपर्णीचा थर हलेना. काठाशी मुळं चिखलात रुतली होती. दहा-बारा पोरं ओढत होती, दुसऱ्या काठावरची ओरडत होती, कुणीतरी एक-दोन-तीन म्हणत होतं. एका आजींनी खुर्चीवरून सांगितलं, आधी कडेने कोयता चालवा, मग ओढा. कडेने मुळं तोडली आणि पुढच्या हिसड्याला सगळा हिरवा थर सावकाश सरकायला लागला. मागे पाणी उघडं पडलं. कित्येक वर्षांत त्या पाण्यावर ऊन पडलं नव्हतं. पोरं ओढायचं थांबून बघत राहिली.

सुटका पथकात गडबड सुरू झाली ती एका लांबलचक, तपकिरी सापाने. झुपक्यातून तो ताडपत्रीवर आला आणि मुलं किंचाळत मागे पळाली. सर्पमित्राला आधीच बोलावून ठेवलं होतं. त्याने पाहिलं आणि सांगितलं, पाणदिवड आहे, विषारी नाही, चिडली की चावते, म्हणून मी धरतो, तुम्ही लांबून बघा. त्याने ती हातात धरून मुलांना पाठीवरचे काळे ठिपके दाखवले आणि पलीकडच्या काठाला सोडली. त्यानंतर ते पथक मोडेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. दोराकडची काही मोठी मुलं इकडे यायला बघायला लागली.

मी बराच वेळ एका सात-आठ वर्षांच्या मुलीजवळ उभी होते. इमारतीतली मुलगी, बावखल पहिल्यांदाच बघत होती. टबात मुळं हलवली की आधी पाणी काळं व्हायचं, मग गाळ खाली बसायचा आणि नखाएवढी पारदर्शक कोळंबी मागे-मागे उडी मारताना दिसायची. ती ओंजळीत घेऊन बादलीपर्यंत जायची, सोडायची, परत यायची. मधेच तिने आईला हाक मारली आणि विचारलं, आपण आलो नसतो तर ही मेली असती ना? आई म्हणाली, हो. मुलगी पुन्हा कामाला लागली. न्याहारीला बोलवायला तीनदा जावं लागलं.

साडेआठनंतर उन्हाचा चटका असह्य झाला. हवेत दमटपणा, वारा पडलेला. गाळाकडची दोन माणसं डोकं धरून बसली. सावलीत नेऊन, मान-काखांना ओले फडके लावून, जलसंजीवनी पाजल्यावर सावरली. पुढच्या रविवारी सगळं अर्धा तास अलीकडे आणलं, आणि गाळाच्या पाळ्या वीस मिनिटांच्या केल्या.

प्लास्टिक, थर्माकोल, बाटल्या वेगळ्या गोण्यांत भरल्या. काच फक्त मोठ्यांनी उचलायची हा नियम कुणालाही मोडू दिला नाही. कचरा न्यायला महापालिकेची गाडी यावी म्हणून प्रभाग कार्यालयात आधीच अर्ज दिलेला होता.

दुसरा रविवार

मधल्या आठवड्यात जलपर्णी वाळून बसकी झाली होती. ती वाडीच्या कडेला, पाण्यापासून लांब, खड्ड्यात शेणाबरोबर थर लावून टाकली. पाण्याजवळ ठेवली असती तर पहिल्या पावसात परत आत गेली असती, आणि तिचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

आज गाळ. आजोबा कोपऱ्यात काठी रोवून उभे. "इथे पायरी आहे," एवढंच. बऱ्याच वेळाने फावडं दगडाला लागलं. एक पायरी, मग दुसरी, मग तिसरी. मुंबईहून आलेले ते भागीदार गुडघाभर चिखलात उभे राहून हाताने पायरी पुसत होते. ते कुणाशी काही बोलले नाहीत आणि कुणी त्यांना काही विचारलंही नाही.

गाळाच्या साखळीत शेवटी उभ्या असलेल्या नववीतल्या मुलाच्या घमेल्यात मातीचं एक भांडं आलं. अरुंद गळ्याचं, एका बाजूने फुटलेलं, गळ्याभोवती दोरीची घळ. त्याला वाटलं जुना माठ. आजींच्या हातात दिलं तेव्हा त्या म्हणाल्या, रहाटाचं गाडगं आहे. अशी कितीतरी गाडगी माळेवर बांधलेली असायची, एक फुटलं की बाकीची थांबवून नवं बांधावं लागायचं, आणि ते बांधायचं काम त्यांचं होतं, लग्न होऊन या घरात आल्यापासून. गाठ कशी मारायची? त्यांनी सुतळी मागितली. दोन फेरे, एक आडवा, खालून वर, आणि ओढून बघ म्हणाल्या. मुलाने ओढलं, गाठ आणखी घट्ट झाली. मग भोवती मुलांचं कडं जमलं आणि अर्धा तास गाळाचं काम थांबलं. घड्याळ बघून मी कुणाला हटकलं नाही. याच्यासाठीच तर आजींना बोलावलं होतं.

न्याहारीनंतर एक गोष्ट मात्र निव्वळ मजेसाठी ठेवली होती. वाडीतल्या माणसांनी तोडलेल्या केळीचे खांब बांबूच्या खिळ्यांनी जोडून तराफे केले आणि साफ झालेल्या पाण्यात पोहणाऱ्या मोठ्यांच्या देखरेखीखाली, कमरेला सुक्या नारळांची जोडी किंवा हवा भरलेला डबा बांधलेल्या मुलांच्या शर्यती लागल्या. मुंबईचे गृहस्थ पंच. आई-वडिलांना आधीच सांगून ठेवलं होतं की ओल्या कपड्यांतल्या मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. हा नियम कुटुंबांच्या प्रत्येक कार्यक्रमात असायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे. उत्साहात लोक विसरतात, म्हणून आधी सांगावं लागतं.

पावसानंतर

निघालेला गाळ वाडीतल्या केळी आणि मोगऱ्याला गेला. एका शेतकरी बाईंनी दोन वाफ्यांत जास्त मागितला. त्यांची फुलं पहाटेच्या गाडीने दादरला जातात आणि त्या म्हणाल्या, असा गाळ विकत घेतला तरी मिळत नाही.

जूनमध्ये बावखल भरलं. मग डासांचा प्रश्न पुन्हा निघाला. कुणीतरी गप्पी मासे आणून सोडायला निघालं होतं, कारण हिवताप प्रतिबंधाला ते वाटले जातात. हौदात, टाकीत ते ठीक. पण गप्पी मूळचे दक्षिण अमेरिकेतले, आणि जिथे देशी मासे, बेडकांची पिल्लं, चतुराच्या अळ्या आहेत तिथे त्यांना सोडणं म्हणजे ज्यांना आपण हाताने वाचवून परत सोडलं त्यांच्याच वाट्याला स्पर्धा आणणं. चतुराच्या अळ्या आणि छोटे देशी मासे डासांच्या अळ्या खातातच. फक्त पाणी उघडं आणि कचरा नसलेलं हवं. आम्ही थांबायचं ठरवलं. पावसाळ्यात शेजारच्या घरांतून तक्रार आली नाही.

जलपर्णी परत आली, येणारच होती. पोषक पाण्यात ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. म्हणून परिसर समूहांना महिने वाटून दिले. ज्याचा महिना त्याने भागीदारांना सांगून एका संध्याकाळी जायचं आणि दिसेल तेवढी वेचून काढायची. पावसाच्या दोन महिन्यांत नीट चाललं. गणपती आणि नाताळाच्या मध्ये दोन समूहांनी टाळाटाळ केली. वाडीतल्या एका हिंदू कुटुंबातल्या मुलांनी त्यांची पाळी भरून काढली, आणि आता त्यांचाही यादीत रीतसर महिना आहे.

ज्या आईने पहिला प्रश्न विचारला होता तिच्या घरी सुटका पथकातली तिची धाकटी मुलगी जानेवारीतच विचारायला लागली की बावखलाचा रविवार कधी? रिसॉर्टची सहल त्या वर्षी झाली नव्हती आणि कौन्सिलच्या बैठकीत कुणी तिचा विषय काढला नाही. वृद्धाश्रमाला भेट मात्र चालू ठेवली आहे, पण आता फळांच्या पिशव्या नेत नाही. तिथल्या आजी-आजोबांकडून मुलं विणकाम, जुनी गाणी, दोरीच्या गाठी शिकायला जातात. चार-चारच्या गटाने, महिन्यातून एकदा.

या मे महिन्यात दुसरा कोपरा घ्यायचा आहे. गावातल्याच आणखी एका बावखलाचे भागीदार स्वतः फादरांकडे आले होते. त्यांना सध्या आम्ही एवढंच सांगितलं आहे की आधी सगळ्या भागीदारांची नावं आणि पत्ते लिहून काढा, विशेषतः जे बाहेर राहतात त्यांचे. त्यांच्या यादीत अजून दोन घरं बाकी आहेत.